वाट देणे

मराठी भाषेत ‘वाट’ या शब्दाभोवती जितके वाक्प्रचार जमले आहेत तितके दुसऱ्या एखाद्या साध्या शब्दाभोवती क्वचितच जमले असतील. आपण माणसाची वाट पाहतो, अडचणीतून वाट काढतो, दुसऱ्याची वाट अडवतो, उतावळेपणाने एखाद्या चांगल्या कामाची वाट लावतो, आणि मनात कोंडलेल्या दुःखाला बोलून वाट करून देतो. यांत ‘वाट देणे’ हा प्रयोग दिसावयास सर्वांत साधा. समोरून कोणी आले, आपण बाजूला झालो, तो पुढे गेला. एवढाच त्याचा अर्थ. या एवढ्याशा कृतीत नीतिशास्त्राचा काही प्रश्न दडलेला असेल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. पुण्यासारख्या शहरात जन्म काढलेल्या माणसाला वाट देण्याचा प्रश्न पडत नाही. ती मिळवण्याचाच पडतो. आम्हांस तो पडला तो घरापासून फार दूर, आणि नवल असे की जिच्यावर वाहनांची वर्दळ मुळीच नाही अशा एका वाटेवर. तेव्हा आधी त्या वाटेची हकीकत सांगून मग प्रश्नाकडे वळणे बरे.

स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यात कॅटालोनिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तरेस पिरेनीज पर्वताची रांग आणि पूर्वेस भूमध्य समुद्र. पर्वताच्या पायथ्याकडील टेकड्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंचीवर, ओलोत हे गाव वसले आहे. त्याच्या आसपास शांत झालेल्या ज्वालामुखींच्या सुमारे ४० टेकड्या आहेत, आणि त्यांवर आता दाट झाडी माजली आहे. ओलोतहून खाली उतरत गेले की जिरोना हे जुने तटबंदीचे शहर लागते, आणि तेथून पुढे समुद्राकडे गेले की सांत फेलिऊ द गीशोल्स हे बंदर. पहिला टप्पा सुमारे ५५ किलोमीटरांचा व दुसरा सुमारे ४० किलोमीटरांचा. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना अशा प्रदेशाची ओढ का वाटावी हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या दोन्ही टप्प्यांवरून एके काळी एक चिमुकली आगगाडी धावत असे. तिच्या रुळांमधले अंतर अवघे पाऊण मीटर. म्हणून लोक तिला लाडाने ‘कारिलेत’ म्हणत. समुद्राकडचा फाटा १८९२ साली सुरू झाला, आणि डोंगराकडचा टप्प्याटप्प्याने वाढत १९११ साली ओलोतपर्यंत पोचला. आपल्याकडील बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी पाहिली आहे त्यांस या गाडीचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास कष्ट पडणार नाहीत. बार्शीची ती गाडी १८९७ साली सुरू झाली, तिचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे जवळजवळ तितकेच अरुंद. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची गाडी झाली. कारिलेत पंढरीला जात नव्हती. ती बाजारकरू, कामकरी आणि बुचाच्या झाडाच्या सालीचे गठ्ठे वाहत होती. पुढे मोटारी व बसगाड्या आल्या, रस्ते रुंद झाले, गाडीची मिळकत आटली, आणि १९६९ साली दोन्ही फाटे बंद पडले. रूळ उखडले गेले. उरला तो नुसता मातीचा बांध, काही पूल, आणि गावोगावची ओस पडलेली स्थानके.

१९९३ साली स्पेनमध्ये अशा मृत रेल्वेमार्गांवर पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी वाटा करण्याची एक योजना सुरू झाली. या ‘हिरव्या वाटां’ची लांबी आज साऱ्या देशात मिळून ३,००० किलोमीटरांहून अधिक भरते. कारिलेतचा मार्ग त्यांतलाच एक. त्यावर डांबर फारसे नाही. बहुतेक ठिकाणी आपल्या मुरुमासारखीच, ग्रॅनाइटचा दगड कुजून झालेली भरड पिवळसर माती दाबून बसवली आहे. मोटारीस तेथे मज्जाव आहे. अशा वाटांसाठी हल्ली एक निराळी सायकलही निघाली आहे. तिची मूठ शर्यतीच्या सायकलीसारखी वाकडी, पण टायर चांगले चार बोटे नसले तरी दोन बोटे रुंद, आणि त्यांत हवा जरा कमी. त्यामुळे खडीवरून ती घसरत नाही आणि अंगाला हादरेही कमी बसतात. शिवाय जो चढ कोळशाच्या त्या चिमुकल्या इंजिनाला झेपत होता तो साठी उलटलेल्या गुडघ्यालाही झेपतो, हा या वाटेचा आणखी एक उपकार.

आमचा भाचा नोकरीनिमित्त बार्सिलोना येथे राहतो. गेल्या ऑक्टोबरात त्याच्याकडे गेलो असता तो म्हणाला, “मामा, तुम्ही कॉलेजात असताना सायकलीवर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जात होतात, हे आईने हजार वेळा सांगितले आहे. आता दोन दिवस माझ्याबरोबर चला. डोंगरापासून समुद्रापर्यंत एकही मोटार तुमच्या अंगावर येणार नाही.” हे शेवटचे वाक्य ऐकून आम्ही तयार झालो. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. त्या शहरात आम्ही तीस वर्षे सायकल चालवली, आणि अखेर आवड संपली म्हणून नव्हे, तर भीती वाढली म्हणून ती सोडली. पाठीमागून येणाऱ्या वाहनाचा आवाज ऐकला की मान आखडते, खांदे वर चढतात, आणि चाक आपोआप गटाराकडे वळते. ही सवय अंगात इतकी मुरते की ती सवय आहे हेही माणूस विसरतो.

ओलोत सोडून तास-दीड तास झाला असेल. वाट शेतांमधून सपाट चालली, मग थोडा चढ चढून खिंडीसारख्या जागी आली, आणि तेथून ब्रुजेंत नदीच्या खोऱ्यात उतरू लागली. एकाएकी आमच्या ध्यानात आले की आपण खांदे उतरवले आहेत. कितीतरी वर्षांनी कान पाठीमागे न लावता आम्ही पुढचे पाहत होतो. ओक वृक्षांची पाने पडत होती, नदीचा आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून येत होता, आणि मुरुमावर चाकाचा जो एक बारीक करकर आवाज होतो तेवढाच आमच्या वेगाची साक्ष देत होता. हे सुख खोटे नव्हते. ते आम्ही भरभरून घेतले, आणि घेता घेता वेग वाढवला.

याच उतारावर, एका वळणापलीकडे, एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पाठ करून वाटेच्या मधून चालले होते. हातात वेताची टोपली होती. त्या प्रदेशात शरद ऋतूत लोक रानात अळंबी वेचावयास जातात, तशीच अळंबी टोपलीत होती. आम्ही घंटा वाजवली. ते दचकले, घाईने बाजूला झाले, काठावरच्या काटेरी झुडपात त्यांचा पाय अडकला, आणि टोपली कलंडून अर्धी अळंबी मुरुमावर सांडली. आम्ही थांबलो, परंतु थांबेपर्यंत पन्नास पावले पुढे गेलो होतो. परतून पाहतो तो भाचा सायकल आडवी टाकून खाली बसला होता आणि अळंबी गोळा करत होता. वृद्ध गृहस्थांना इजा झाली नव्हती. त्यांनी मोडलेली अळंबी निवडून झुडपात टाकली, धड असलेली टोपलीत ठेवली, आणि आमच्याकडे पाहून, किंचित मान लववून, ‘पेर्दो’ असे म्हटले. मग ते आपल्या वाटेने चालू लागले.

“काय म्हणाले?” आम्ही विचारले.

“माफ करा, असे म्हणाले,” भाचा म्हणाला. “मामा, माफी त्यांनीच मागितली!”

हा एक शब्द आम्हांस त्या दिवशीच्या उरलेल्या तीस किलोमीटरांत पुरला. कारण हा शब्द आमच्या ओळखीचा होता. पुण्याच्या रस्त्यावर कोणी मोटारवाला कर्णा वाजवत अंगावरून गेला की आम्हीही गटाराच्या काठावर उभे राहून, आपलेच काही चुकले अशा मुद्रेने, हात वर करीत आलो आहोत. बलवानाने घाबरवावे आणि दुर्बलाने क्षमा मागावी हा व्यवहार आम्ही इतकी वर्षे एका बाजूने पाहिला होता. आज तो दुसऱ्या बाजूने पाहिला. मोटारींचा त्रास नको म्हणून आम्ही सात समुद्र ओलांडून मोटार नसलेल्या वाटेवर आलो, आणि तेथे पोचून तीन तास होतात न होतात तोच आम्ही स्वतः मोटार झालो.

येथून आमचा प्रश्न सुरू होतो. दोन माणसे एका वाटेवर समोरासमोर किंवा मागेपुढे आली, तर बाजूला कोणी व्हावे?

याचे सर्वांत जुने व सर्वांत प्रचलित उत्तर म्हणजे दुबळ्याने. ते कोणत्याही ग्रंथात लिहावे लागत नाही; ते वजन आणि वेग यांच्या नियमांतच लिहिलेले आहे. हत्तीला मुंगीने वाट द्यावी लागते. परंतु मनुष्याने या उत्तरावर समाधान मानले नाही, ही त्याच्या इतिहासातील एक गौरवाची गोष्ट आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची एक यादी आढळते. तो ग्रंथ आज प्रमाण मानावा असे आम्ही म्हणणार नाही. १९२७ साली महाड येथे डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याचे दहन झाले, आणि त्या दहनामागची वेदना न्याय्य होती असेच आमचे मत आहे. परंतु जुन्या माणसांनी या प्रश्नाचा विचार कसा केला हे पाहण्यापुरती ती यादी उपयोगी आहे. चाकांच्या वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, विद्या पूर्ण करून आलेला स्नातक, राजा आणि नवरदेव, यांना वाट द्यावी असे तेथे सांगितले आहे.

या यादीत दोन निरनिराळी तत्त्वे एकत्र गुंफलेली आहेत. स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट मिळते ती मानासाठी. तो भाग आपण बाजूला ठेवू. मान देण्याच्या रीती काळाबरोबर बदलतात. परंतु वृद्ध, रोगी आणि भारवाहक यांना वाट मिळते ती अडचणीसाठी. डोक्यावर ओझे असलेल्याला एक पाऊल आडवे टाकणे जड जाते. रिकाम्या हातांनी चालणाऱ्याला ते सोपे असते. तेव्हा ज्याला बाजूला होणे सोपे त्याने व्हावे, ज्याला कठीण त्याने सरळ जावे, असे हे तत्त्व आहे. त्यात दया आहेच, पण दयेपेक्षा अधिक असा न्यायाचा अंश आहे. कारण बाजूला होण्याचे कष्ट जेथे कमीत कमी पडतील तेथेच ते टाकलेले आहेत.

मग या यादीच्या अगदी आरंभी चाकांचे वाहन का? वाचकांस हा प्रश्न पडेलच, आणि आमच्यासारख्या चाकावर बसून अळंबी सांडणाऱ्या माणसाला तर यात आपला बचाव सापडल्याचा आनंदही होईल. परंतु तो बचाव टिकत नाही. त्या काळची गाडी म्हणजे जड लाकडी चाके, चाकोऱ्या पडलेली वाट आणि जनावरांची जोडी. ती एकदा चालू लागली की तिला एकाएकी वळवणे किंवा थांबवणे पायी माणसाच्या तुलनेने फारच अवघड. म्हणजे गाडीला वाट मिळत होती ती ती बलवान म्हणून नव्हे, तर बाजूला होण्यास असमर्थ म्हणून. आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. आमच्या सायकलीचा ब्रेक दोन बोटांनी दाबला की चाक जागच्या जागी थांबते. मोटारीचे तर पायाच्या एका दाबाने भागते. न वळणारी वस्तू आज कोणती असेल तर ती त्या वृद्ध गृहस्थांचा गुडघा होय. तत्त्व तेच ठेवले तरी चाकाला यादीतून उठून वाट देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहावे लागते.

त्या रात्री जिरोना येथे जेवताना हा सारा विचार आम्ही भाच्यापुढे मांडला. तो हल्लीच्या मुलांप्रमाणे व्यवहारी आहे. तो म्हणाला, “पण मामा, घंटा वाजवावी हाच तर नियम. न वाजवता जवळून गेला असता तर ते अधिक दचकले असते.” हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हांस असे दिसले की घंटेचे अर्थ दोन आहेत. ‘मी मागून येत आहे, आपल्याला ठाऊक असावे’ हा एक. आणि ‘मी येत आहे, बाजूला हो’ हा दुसरा. आवाज एकच. दोहोंतला कोणता अर्थ समोरच्याच्या कानी पडतो ते घंटेवर नव्हे, ब्रेकवर अवलंबून असते. घंटा वाजवतेवेळी दुसऱ्या हाताची बोटे ब्रेकवर असतील आणि चाक मंदावत असेल, तर ती घंटा म्हणजे सूचना. वेग तोच राहिला, तर ती आज्ञा. आमची घंटा आज्ञा होती. रस्त्यावरील पुष्कळसे अविनय असेच असतात. त्यांत नियम मोडलेला नसतो, आणि म्हणूनच ते करणाऱ्यास टोचत नाहीत.

याहून मोठा आक्षेप दुसरा आहे. कोणी म्हणेल, वाट कोणी द्यावी हा वाद घालत बसण्यापेक्षा ज्याची त्याची वाट निराळी करून टाकावी. मोटारींना मोटारींचा रस्ता, सायकलींना सायकलींचा, पादचाऱ्यांना पादचाऱ्यांचा. या सूचनेत पुष्कळ शहाणपण आहे. असे रस्ते जेथे झाले तेथे माणसांचे प्राण वाचतात, लहान मुले एकटी शाळेत जाऊ शकतात, आणि आमच्यासारख्यांचे खांदे खाली उतरतात. आपल्या शहरांत असे पथ अधिक व्हावेत, आणि असलेल्यांवर दुकाने व उभ्या गाड्या यांनी बसू नये, अशीच आमची इच्छा आहे. परंतु वाटा वेगळ्या केल्या म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला, असे मात्र नाही. मोटार वगळली की सायकल सर्वांत बलवान ठरते; सायकल वगळली की धावणारा तरुण; त्याला वगळले की भराभर चालणारा. बलवान व दुर्बल हे नाते वाटेवर नसते, वाटेवरच्या माणसांत असते, आणि माणसे जेथे जातात तेथे ते बरोबर जाते.

मोटार नसणे म्हणजे न्याय असणे नव्हे, हे पाहण्यास स्पेनपर्यंत जावयासही नको. माथेरानला मोटारीस बंदी आहे, आणि तेथील तांबड्या मातीच्या रस्त्यांवरची शांतता आम्हां मराठी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या प्रिय आहे. परंतु त्याच शांततेत माणसाने ओढलेल्या रिक्षांतून माणसे हिंडत आली. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. धूर नव्हता, कर्णा नव्हता. धापा मात्र होत्या, आणि त्या आम्हांस इतकी वर्षे ऐकू आल्या नाहीत.

शिवाय वाटा वेगळ्या करणे या गोष्टीला आपल्या देशात एक काळा इतिहास आहे. त्रावणकोरातील वैकोम येथे देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्यांनी चालू नये असा निर्बंध होता. तो उठावा म्हणून १९२४ व १९२५ या दोन वर्षांत लोकांना सत्याग्रह करावा लागला. तेथेही ‘त्यांची वाट निराळी’ असेच सांगितले जात होते. समोरून वरच्या जातीचा मनुष्य आला की खालच्या मानलेल्या माणसाने दूर सरावे, हा केवळ तेथलाच नव्हे, तर आपल्याकडचाही रिवाज होता. बाहेरून पाहिले तर कृती तीच, बाजूला होण्याची. परंतु दुर्बलाकडून सक्तीने घेतली की ती विटंबना होते, आणि समर्थाने आपण होऊन केली की ती सभ्यता होते. म्हणून कोणतीही निराळी वाट पाहिली की एक गोष्ट विचारावी. ही वाट दुर्बलाचे रक्षण व्हावे म्हणून वेगळी केली आहे, की समर्थाला तो दिसू नये म्हणून? पादचाऱ्यांसाठी राखलेला सुरक्षित पथ पहिल्या प्रकारचा. रस्ता मोटारींना मोकळा मिळावा म्हणून पादचाऱ्याला जिन्यांनी पुलावर चढावयास लावणे हे, कितीही सद्‌हेतूने केलेले असो, दुसऱ्या प्रकाराकडे झुकते.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्राकडे निघालो. वाट क्वार्त या कुंभारांच्या गावावरून, कासा द ला सेल्वा व ल्यागोस्तेरा या बुचांच्या धंद्यावर वाढलेल्या गावांवरून जाते. वाटेतल्या एका जुन्या स्थानकापाशी आम्ही पाणी प्यावयास थांबलो. फलाट अजून तसाच होता. तेथे बसलो असता मनात आले की आपल्या या सुखाला आणखी एक बाजू आहे. ही वाट शांत आहे ती येथली गाडी मेली म्हणून. ज्या म्हाताऱ्याला मोटार चालवता येत नाही, ज्या कामकऱ्याला ती परवडत नाही, त्याला घेऊन जाणारी गाडी १९६९ साली गेली, आणि ती जाण्यास कारण झालेल्या मोटारीच शेजारच्या हमरस्त्यावरून आज धावतात. त्यांच्यापासून पळून आम्ही येथे आलो, तेही हजारो मैल विमानाने. तर मग हे सुख उसन्या शांततेचे नव्हे काय?

आम्ही यावर बराच विचार केला. स्वतःला अपराधी ठरवून हळहळणे सोपे असते, आणि त्यात एक प्रकारचा ऐषआरामही असतो. गाडी आम्ही मारली नव्हती. आणि मेलेल्या गाडीच्या बांधावर काटे माजू देण्यापेक्षा तेथे वाट करणे शतपटींनी बरे. ज्यांनी ती केली त्यांनी एका हरवलेल्या सार्वजनिक वस्तूचा उरलेला अंश तरी सर्वांसाठी राखला. ती जमीन तुकडे होऊन विकली गेली असती तर तेवढेही उरले नसते. परंतु या वाटेचा वारसा कोणाचा आहे हे त्यावरून जाणाऱ्याने विसरू नये. ती सर्वांना घेऊन जाणाऱ्या गाडीची वाट आहे. तिच्यावर वेगाने जाणाऱ्याचा हक्क टोपली घेऊन चालणाऱ्यापेक्षा तसूभरही अधिक नाही. झाला तर कमीच. त्या वृद्ध गृहस्थांनी लहानपणी कदाचित त्याच जागी गाडीची वाट पाहिली असेल. आम्ही दोन दिवसांचे पाहुणे, आणि आम्ही त्यांना घंटा वाजवून बाजूला सारले.

त्या दिवशी दोन लहान गोष्टी घडल्या, त्या सांगून हा लेख संपवतो. पुढे एके ठिकाणी आमची वाट मोटारींच्या रस्त्याला छेदून जात होती. एक मालवाहू मोटार भरधाव येत होती. जुन्या सवयीने आम्ही पाय टेकून उभे राहिलो आणि तिने निघून जावे म्हणून हात केला. चालकाने मोटार थांबवली. आम्ही हललो नाही हे पाहून त्याने काच खाली केली, हसून हाताने ‘जा’ अशी खूण केली, आणि आम्ही दोघे पलीकडे जाईपर्यंत तो शांतपणे बसून राहिला. त्याचे अर्धे मिनिट गेले असेल. आम्हांस मात्र असे वाटले की साठ वर्षांत रस्त्यावर इतका मोठा मान आपल्याला कोणी दिला नव्हता.

दुसरी गोष्ट त्यानंतरची. समुद्र जवळ आला होता, वाटेवर माणसे वाढली होती. पुढे एक बाई, तिच्या हाताशी तीन-चार वर्षांचे मूल, आणि मूल वाटेत खडे वेचत बसलेले. आम्ही घंटा वाजवली नाही. उतरलो, सायकल हाताने ढकलत काठाकाठाने त्यांच्या बाजूने गेलो, आणि त्या बाईने मान हलवली. भाचा मागून म्हणाला, “मामा, असे प्रत्येकासाठी उतरत बसलात तर समुद्र रात्री दिसेल.” तो संध्याकाळी दिसला, पाऊण तास उशिरा.

सांत फेलिऊच्या बंदरावर बसलो असता आम्हांस आषाढी वारीची आठवण झाली. त्या दिवसांत आळंदी-पंढरपूरच्या रस्त्यावरही वाहने अडवली जातात, आणि लाखो माणसे पायी चालतात. तेथे दाटी इतकी की प्रत्येकाला दुसऱ्याकडून पावलोपावली वाट मागावी लागते. परंतु ती मागताना तेथे घंटा नसते, दटावणी नसते. “माउली, जरा वाट द्या” असे म्हणतात. ज्याला बाजूला व्हावयास सांगायचे त्याला आधी आई म्हणायचे, अशी ही रीत. लहान मोठ्याला माउली म्हणतो आणि मोठा लहानालाही. एकमेकांच्या पायांना हात लावतात. बलवान कोण व दुर्बल कोण हा हिशेब त्या एका शब्दाने काही काळ तरी थांबतो. ही रीत आपल्या घरची आहे. ती आम्ही वर्षातून पंधरा दिवस एका रस्त्यासाठी राखून ठेवली आणि उरलेल्या दिवसांत बाकीच्या रस्त्यांवर कर्णे वाजवले, हा दोष रीतीचा नव्हे.

पुण्यास परतल्यावर आम्ही माळ्यावरची सायकल खाली काढली. रस्ता पूर्वीचाच आहे, मोटारी पूर्वीपेक्षा अधिक आहेत, आणि मागून कर्णा वाजला की आमचे खांदे अजूनही वर चढतात. त्याला इलाज एकट्याच्या हाती नाही. तो नगरपालिका, कायदा आणि लोकमत यांनी मिळून करावयाचा आहे, आणि तो व्हावा म्हणून बोलत राहिले पाहिजे. परंतु आमच्या गल्लीत सकाळी भाजीची हातगाडी ढकलत एक बाई येतात. पूर्वी आम्ही घंटा वाजवून त्यांच्या बाजूने निघून जात असू. आता पाय टेकून थांबतो. पहिल्या दिवशी त्यांनी संशयाने पाहिले; दुसऱ्या दिवशी विचारले, “काका, काही हवे होते का?”

“नाही,” आम्ही म्हणालो, “तुमची गाडी जड आहे. तुम्ही आधी जा.”